सुरेखाची साडी आणि चौथा हिस्सा

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सगळ्यात आधी आला तो सांडू. दार वाजायच्या आधी अद्रकीचा वास आला, तेव्हाच ओळखलं की पिशोरहून थोरला आलाय. अख्खी गोणी घेऊन आला, माती पण झटकलेली नाय. त्याच्या मागोमाग शेजारची वच्छलाबाई वाटी घेऊन हजर, "साखर हाय का गं थोडी?" तिच्या घरात साखर नाय असं कधी होत नसतं, कोण आलंय ते तिला बघायचं असतं. चहा प्याली, अद्रकीचा मोठा गड्डा पदरात घेतला अन् वाटी तशीच रिकामी घेऊन गेली.

तर सांडू. माझा थोरला, पिशोरची जमीन तोच करतो. धाकटा राजेंद्र वाळूजच्या कंपनीत, त्याच्याकडं इथं बजाजनगरात मी राहते. ही डायरी पण त्याला कंपनीतून मिळालेली. म्हणाला, "आई, तू लिहीत जा काहीतरी, दिवसभर टीव्हीपुढं नको बसू." चौथीपर्यंत शिकलेय मी. जोडाक्षर आलं की पेन अडतं, पण इथं कोण तपासायला बसलंय?

सांडू म्हणाला, "माय, होळी झाली की कन्नडला जायचंय. सुरेखाची हक्कसोडीची सही घ्यायची. तुझी पण घेऊ. एकदा कागद साफ झाले की बरं."

मी म्हटलं, "सुरेखाला विचारलं का?"

"त्यात विचारायचं काय? बाबांच्या वर्षश्राद्धाला साडी दिली ना आपण? घेतली ना तिनं? मग झालं की. आता फक्त सही राहिली."

हे खरंच हाय. आमच्याकडं बाप गेला की भाऊ बहिणीला साडी नेसवतात, बहीण डोळे पुसते, अन् मग जमिनीत तिचं काय राहत नाय. मी पण तसंच केलेलं. भावानं इरकल दिली होती, लई दिवस टिकली. तिचीच मग मी गोधडी शिवली, ती अजून राजेंद्रच्या कपाटात हाय.

सुरेखाला फोन लावला. ती पाचोडला असते. जावई दुसऱ्याची मोसंबीची बाग राखतात, ही पण सोबत झाडांना आळी करते, छाटणी करते. म्हणाली, "करते की माय सही. भावापेक्षा जमीन मोठी हाय का?" मग थोडं थांबून म्हणाली, "माय, नाल्याकडचा तो तुकडा अजून पडीकच हाय का गं?" मी म्हटलं, व्हय. तर म्हणे, "आमच्या मालकाची मोसंबी यंदा लई धरली." मालकाच्या मोसंबीचा अन् आपल्या नाल्याचा काय संबंध, मला काय कळलं नाय. पोरीची जात, बोलता बोलता कुठनं कुठं जाते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज बचत गटात वकीलबाई आली होती. मला वाटलं कोणी जाडजूड, चष्मा लावलेली असेल, तर ही एवढीशी पोरगी. काळा कोट खुर्चीला अडकवला अन् पंख्याखाली उभी राहून बोलली. अमृता नाव. मृत्युपत्रावर बोलायला आली म्हटल्यावर दोघीतिघी तर चप्पल शोधायला लागल्या.

ती हसली. म्हणाली, "मावशी, छत्री घेतली म्हणजे पाऊस बोलावला असं होतं का? बसा." मग म्हणाली, "मी रोज कोर्टात जाते. तिथली निम्मी भांडणं कशाची असतात, माहितीय? ज्याला बोलायचं होतं तो न बोलता वारला, त्याची. मग त्याची पोरं एकमेकांशी बोलायला दोन वकील लावतात. जज वाईट नसतो हो. पण त्याच्यापुढं फायलींचा डोंगर असतो. तुमची फाईल वर येईपर्यंत तुम्ही नसता. न्याय मिळतो, पण कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाय."

मला राहवेना. मी उभी राहिले. म्हटलं, "वकीलबाई, माझ्या लेकीनं भावांची साडी घेतली हो. आता कायद्यात तिचं काय राहिलं का?"

सगळ्या बाया पुढं सरकल्या. कारण प्रत्येकीच्या कपाटात तसली एक साडी हाय.

वकीलबाई म्हणाली, "साडी कशी आहे आजी?"

"काठपदराची. हिरवी."

"मग तिला सांगा, खुशाल नेस. साडीनं हक्क जात नाही. हक्क जातो दस्तावर, रजिस्ट्री ऑफिसात, तिनं स्वतः समजून सही केली तर. नाही केली तर नाही."

वच्छलाबाई मागनं ओरडली, "अगं बाई! माझी तर सही पण झाली अन् साडी पण नायलॉनची होती!" एवढ्या हसल्या सगळ्या की चहावाला आत डोकावून गेला.

मग ती पोरगी जरा गंभीर झाली. म्हणाली, बाईला बापाच्या मिळकतीत हिस्सा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. मला हे ठाऊक नव्हतं. एवढा मोठा माणूस आमच्यापायी खुर्ची सोडून निघाला, अन् आम्ही साडीची घडी मोडायला बसलो होतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मी मालकीण हाय! एवढ्या वर्षांत मला कोणी सांगितलंच नाय.

वच्छलाबाईला घेऊन वकीलबाईच्या ऑफिसात गेले. पिको-फॉलच्या दुकानाच्या वर एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तिच्या वडिलांचा. तिनं मोबाइलवर आमच्या जमिनीचा सातबारा काढला. एवढ्याशा मोबाइलमध्ये पिशोरची जमीन मावते! तिथं नावं होती. सांडूचं, राजेंद्रचं, सुरेखाचं. अन् सगळ्यात वर माझं. सत्यभामा बेवा, अन् पुढं ह्यांचं नाव.

मी म्हटलं, "हे माझं नाव कशाला घातलंय? चुकून आलं का?"

"चुकून नाही आजी. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली. ते गेल्यावर बायको अन् सगळी लेकरं वारस, सारखेच. चार हिस्से. एक तुमचा."

मी परत वाचलं. बेवा, म्हणजे विधवा लिहिलंय, ते काय छान वाटत नाय, पण जमिनीला चिकटून आलं म्हणून चालेल. खाली झेरॉक्सवाल्या भाईला म्हटलं, मोठ्या अक्षरात काढ. तो म्हणाला, "अम्मा, मिठाई खिलाव." मी गुळाची जिलबी आणून दिली. घरी येताना पाय कसे पडत होते सांगू! चढावर पण दम लागला नाय.

वकीलबाई लई गप्पिष्ट हाय. तिचे वडील अन् काका विहिरीवरनं कोर्टात भांडत होते. दोघं एकाच एसटीनं तारखेला जायचे. एकजण दोघांचं तिकीट काढायचा, दुसरा डबा आणायचा. कोर्टाच्या बाकावर बसून एकाच डब्यातनं खायचे, अन् पुकारा झाला की एक इकडं उभा, एक तिकडं. निकाल लागला तेव्हा काका राहिले नव्हते. वडील जिंकले, अन् घरी येऊन जेवलेच नाहीत. ती म्हणाली, "त्या दिवशी ठरवलं, वकील व्हायचं, पण लोकांना कोर्टात न्यायला नाही, जमलं तर बाहेर ठेवायला." म्हटलं, मग तुझं पोट कसं भरतं गं? हसली नुसती.

मला म्हणाली, तुमचा हिस्सा कोणाला द्यायचा ते लिहून ठेवा. दोन साक्षीदार लागतात, डॉक्टरचा दाखला घेऊ की आजींचं डोकं ठिकाणावर आहे. वच्छलाबाई म्हणे, "तो दाखला मिळणं अवघड हाय."

२५ फेब्रुवारी, बुधवार

मी रविवारी जेवताना सांगून टाकलं, माझा पण हिस्सा हाय अन् मी मृत्युपत्र करणार हाय. सगळ्यांनी ताटात बघत जेवण उरकलं. पण माझी पोरं किती मायाळू हायेत ते मला या चार दिवसांत कळलं. लिहून ठेवते, नाहीतर आपण फक्त तक्रारीच लिहितो.

राजेंद्रनं सोमवारी पाठीला उशी असलेली खुर्ची आणली. "आई, तुझी कंबर दुखते ना?" कंबर तर केव्हापासनं दुखते, पण बिचाऱ्याला आता सवड मिळाली. सून आशा रोज गुडघ्याला तेल चोळते. "आत्याबाई, भात मऊ करू का?" मला मऊ भात आवडत नाय, पण तिचं मन कशाला मोडायचं, गिळते. सांडूनं सोलाणे पाठवले, ताजे हिरवे हरभरे, तेही सोलून. दिवसातनं दोनदा फोन. "जेवलीस का माय?"

वच्छलाबाईला सांगितलं तर म्हणाली, "सत्यभामा, काय घाई करू नको लिहायची. वर्षभर काढ असंच." मी म्हटलं, डायरी तर मी लिहिणारच. तिनं कपाळावर हात मारला.

२ मार्च, सोमवार

आज मन लागत नाय. सांडूला फोनवर सांगितलं की मी हक्कसोडीवर सही करणार नाय, अन् सुरेखानं पण करू नये. त्यानं फोन ठेवला. नीट ठेवला नाय.

संध्याकाळी सुरेखाचा फोन. रडत होती. "माय, तू कशाला हे काढलंस? मला हिस्सा नको. मला दिवाळीला एक दार उघडं पाहिजे. दादानं दार लावलं तर मी कुठल्या गावाला माहेर म्हणू?"

चहा ठेवला अन् त्यात साखर टाकायची विसरले. मी तिच्या चांगल्यासाठी निघाले अन् तिचं माहेरच घालवते का काय? हिस्सा मिळाला अन् भाऊ गेला, तर ती त्या मातीत काय पेरणार? अन् भाऊ राहिला, हिस्सा गेला, तर तिच्या पोरीला पण उद्या एक साडीच मिळणार. कुठनं पण बघितलं तरी पोरगीच पैसे मोजल्यासारखी मोजत बसलीय, काय सोडू अन् काय धरू.

८ मार्च, रविवार

सांडूचा फोन नाय. तेल चोळणं चालू हाय.

आज गच्चीवर कुरडया घातल्या. गव्हाचा चीक शिजवताना हात थांबवता येत नाय, तेवढ्यात वकीलबाई आली, मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखवायला. मी म्हटलं, आधी सोऱ्या धर. कोट बाजूला ठेवून तिनं बऱ्या कुरडया घातल्या, जरा वाकड्या, पण चालतील. वच्छलाबाईनं त्या वेगळ्या ठेवल्या, म्हणे कोर्टाच्या कुरडया.

मग वाचायला लागली. "माझ्या पश्चात माझा हिस्सा..."

मी म्हटलं, "थांब. पश्चात म्हणजे?"

"तुम्ही गेल्यावर, आजी."

"म्हणजे मी देणार अन् मलाच बघायला मिळणार नाय?"

"मृत्युपत्र तसंच असतं."

"मग नको! हे कसलं देणं? मी सुनेला साधी बांगडी दिली तरी तिचं तोंड बघते. एवढी जमीन देणार अन् कोणाचं तोंड कसं झालं ते मला नको दिसायला? जे वाटायचं ते मी असताना वाटा. माझ्या समोर."

वकीलबाई सोऱ्या हातात धरून थांबली. म्हणाली, "हे तर सगळ्यात चांगलं, आजी. मी लोकांना हेच सांगत असते अन् कोणी ऐकत नाही. सगळे वारस राजी असतील तर तहसीलदारापुढं वाटणी होते. कोर्ट नाही, तारीख नाही. चौघांच्या नावाचे चार तुकडे."

"अन् राजी नसतील तर?"

"तर मग ती कोर्टाची वाट. राजी करायचं कलम माझ्या कोणत्याच पुस्तकात नाही."

मी म्हटलं, पुरणपोळीचं कलम हाय माझ्याकडं. पाडव्याला सगळ्यांना बोलावते. तू पण ये. ती म्हणाली, "कागदाच्या कामाला लोक जेवण नसतात घालत, आजी." मी म्हटलं, मग ती कामं बिघडतात म्हणूनच तर तुझ्याकडं एवढी गर्दी असते.

१४ मार्च, शनिवार

गुलमंडीवर जाऊन आले, आशा सोबत होती. माझ्या डोक्यात एक आलं. सुरेखाला साडी मिळाली, पोरांना मात्र बापाच्या मागं काहीच मिळालं नाय. सांडूच्या मनात तेच राहिलं असेल, म्हणून रुसलाय. दोघांना पोशाख घेतला, शर्टाचं अन् पँटीचं कापड. दुकानदार म्हणाला, "अम्मा, दोनों को सेम कलर लेव, झगड़ा नै होता." शहाणा माणूस. घेतला एकाच रंगाचा.

आशा येताना बसमध्ये एकटीच हसत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही आत्याबाई, मला माझे भाऊ आठवले."

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

हात पुरणानं अजून पिवळे हायेत, पण आजचं आजच लिहिते.

सुरेखा अन् जावई सकाळीच आले. ती आल्या आल्या स्वयंपाकघरात घुसली, बाहेर यायलाच तयार नाय. तीच हिरवी साडी नेसली होती. सांडू उशिरा आला. बहिणीकडं न बघता खिडकीपाशी बसला अन् गुढीची गाठी बघत राहिला, जसा काय तो ती विकत घेणार हाय. राजेंद्र उगाच सगळ्यांना पाणी देत फिरत होता. ज्याला दिलं त्याला परत दिलं. वकीलबाई कोट न घालता आली, पिवळा ड्रेस होता, बरी दिसत होती. वच्छलाबाईला बोलवावं लागत नाय.

मी म्हटलं, आधी मान, मग पान. दोघा पोरांना पाटावर बसवलं, टिळा लावला, पोशाख हातात दिला. दोघांनी घेतला. सांडूनं पण घेतला, दोन्ही हातांनी, अन् माझ्या पाया पडला. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात वच्छलाबाई म्हणाली, "घेतला का रे सांडू पोशाख?"

"घेतला की मावशी."

"राजेंद्रा, तू पण?"

"हो."

"झालं मग! सोडला दोघांनी जमिनीचा हक्क. आता फक्त सही राहिली."

कुकरची शिट्टी झाली अन् जावई दचकले. मग आशा हसली. तिच्या हातातली पळी पडली, तरी हसायची थांबेना, शेवटी भिंतीला धरून खाली बसली. तिचं बघून राजेंद्र हसला. तो हसायला लागला की लहानपणासारखा हसतो, आवाज न करता नुसता हलतो. म्हणाला, "दादा, कापडावर जमीन जात असेल तर आपली पण गेली रे!"

सांडूचं तोंड लाल झालं. पोशाख खुर्चीवर ठेवून उठला. "माय, तू मला इथं बोलावून चेष्टा करायला लावतेस?"

"अरे, मी कुठं काय केलं? मी तर मान दिला!" खरंच मी मान दिला होता. वच्छलाबाईची जीभ, ती मी थोडीच शिवलेली हाय.

तो चपला घालून खाली गेला. मी पोळीचं ताट घेऊन मागं. उपाशी कसा जाऊ द्यायचा सणाचा? गेटपाशी मोटारसायकलवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "माय, तुला काय वाटतं, मला बहीण नकोय? बाबा थकल्यापासनं ती जमीन मी एकट्यानं केलीय. पाइपलाइन मी टाकली. उद्या हिस्सा दिला अन् त्यांनी विकला एखाद्या प्लॉटवाल्याला, तर माझ्या बांधाला बंगले उभे राहतील. मग मी कुठल्या बांधावर बसून भाकर खाऊ?"

मी म्हटलं, "हे मला का सांगतोस? तिला विचार ना."

त्यानं तिला कधी काय विचारलंच नव्हतं. उभ्या आयुष्यात नाय. साडीचा रंग पण नाय.

बघते तर सुरेखा जिन्यावर उभी. हात पिठाचे. खाली आली अन् सांडूपासनं थोडी लांब थांबली.

"दादा, मला विकायची नाय. मला मोसंबी लावायचीय. दुसऱ्याची झाडं किती दिवस सांभाळू? मला नाल्याकडचा तुकडा दे, तो तर पडीकच हाय. तुझ्या पिकातलं काय नको."

सांडू तिच्याकडं बघतच राहिला. मग ओरडला, "नाल्याकडं मोसंबी? डोकं हाय का तुला? पावसाळाभर पाणी साचतं तिथं, मुळं सडून जातील! एवढी वर्षं बागेत काम करतेस अन् एवढं पण कळत नाय?"

"मग कुठं लावू?"

"विहिरीकडं लाव! तिथली माती निचऱ्याची हाय, पाणी पण हाताशी. नाल्याकडं म्हणे!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं तो काय बोलला ते. विहिरीकडचा तुकडा सगळ्यात चांगला हाय, हे गेल्यापासनं त्यानं तिथं कोणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. तो मोटारसायकलचा आरसा पुसायला लागला. सुरेखा हाताचं पीठ झाडत राहिली. जावई जिन्यात मान खाली घालून उभे होते, त्यांना कशाचं तरी हसू येत होतं. मला वाटतं, पुरणाचा वास आला असेल. पण एक मला कळत नाय. सुरेखा बागेतली बाई, तिला नाल्याकडच्या पाण्याचं कळलं नाय म्हणजे नवलच.

सांडू शेवटी म्हणाला, "तुझ्या हिश्श्यातला बाकी तुकडा बटाईनं मीच करीन. निम्मं पीक तुझ्या घरी. पण विकायचा नाय."

"नाय विकायचा."

"पाण्याची पाळी तुझी बुधवारी."

"चालेल."

वर गॅलरीतनं वकीलबाई ओरडली, "सगळं मोबाइलवर टिपलंय, आता कोणी बोलणं फिरवायचं नाही!" अन् वच्छलाबाई म्हणाली, "पोळ्या गार होतायत, न्याय नंतर करा!"

सांडूनं पोशाख परत उचलला. एवढा रुसला होता म्हणून कमी खाईल वाटलं होतं. नाय. सगळ्यात जास्त पोळ्या त्यानंच खाल्ल्या, अन् दर वेळी वाढायला सुरेखालाच हाक मारली. "तूप घाल की, आता काय कंजूसपणा करतेस, जमीनदारीण झालीस!" सुरेखा हसत होती अन् डोळे पुसत होती. पुरणाच्या हातानं डोळे पुसू नये, मी केव्हापासनं सांगते, पण ऐकेल तर शपथ.

८ एप्रिल, बुधवार

आज कन्नडला तहसील ऑफिसात सगळे मिळून गेलो, वकीलबाई अन् वच्छलाबाई पण. सांडूनं पोशाख शिवून घेतलाय, तोच घालून आला. राजेंद्रनं रजा टाकली. अर्जावर चौघांच्या सह्या झाल्या. आता नोटीस निघेल, मोजणी होईल, वेळ लागेल म्हणाले, पण भांडण नाय म्हणून लवकर होईल. तिथला क्लार्क आमच्याकडं बघून म्हणाला, "भाऊ-बहीण हसत आलेले लई दिवसांनी बघितले."

त्यानं मला विचारलं, "आजी, पतीचं नाव सांगा." आजवर मी कधी घेतलं नव्हतं. वकीलबाई म्हणाली, "सांगा, इथं लागतं." मी म्हटलं, "फकिरा." अन् मलाच हसू आलं. असं वाटलं, मी त्यांना रागावून हाक मारतेय, ऊठ, बघ जरा, तुझी पोरं काय करतायत. सुरेखानं सही केली ती एवढी सावकाश केली की मागची रांग ओरडायला लागली. सांडू रांगेकडं वळून म्हणाला, "थांबा की हो, हिस्सा घेणारी आमच्या घरातली पहिलीच लेक हाय."

माझा हिस्सा माझ्याच नावावर राहिला. वकीलबाई बाहेर रसाच्या गाड्यावर म्हणाली, "आजी, तुमचं मृत्युपत्र अजून राहिलंच की." मी म्हटलं, असू दे गं, घाई काय हाय. तिनं वच्छलाबाईकडं बघितलं अन् दोघी उसाच्या रसात हसल्या. काय हसायचं असतं त्यांना देव जाणे. मी आपली सरळ बाई. अन् खरं सांगायचं तर या घरात सध्या माझी इतकी बडदास्त हाय की मरायचा विचारच येत नाय. आशानं तर काल विचारलं, आत्याबाई, तुम्हाला भात मऊ आवडतो का मोकळा? मी म्हटलं, मोकळा. एवढे दिवस तिनं विचारलंच नव्हतं. आता गॅसवर माझा भात वेगळा शिजतो.

९ एप्रिल, गुरुवार

सुरेखा अन् जावई रात्री इथंच थांबले होते, सकाळच्या गाडीनं पाचोडला गेले. डब्यात कुरडया दिल्या. वच्छलाबाई म्हणाली, त्या वाकड्या पण दे, कोर्टाच्या, त्याशिवाय शुभ होत नाय. दिल्या.

सांडूचा सकाळीच फोन, गाडी सुटायच्या आधी. सुरेखाशी बोलला. मोसंबीचे खड्डे आत्ताच खणून उन्हात तापू द्यायचे, म्हणे. माणूस नाय लावणार, स्वतःच खणणार. किती अंतरावर खणायचे यावरनं दोघांचं रिक्षात बसेपर्यंत भांडण चाललं होतं. ती म्हणे जवळ, तो म्हणे लांब. ऐकायला एवढं बरं वाटलं.

रिक्षात बसताना मी म्हटलं, "परत कधी येशील?" लग्न झाल्यापासनं ती दर वेळी उलटं मलाच विचारायची, कधी येऊ माय? दादाला विचार, वहिनीला सवड हाय का बघ, मग येते. आज तिनं कोणाला विचारलं नाय. साडीचा पदर खोचून बसली अन् म्हणाली, "आखाजीला येतो आम्ही. पिशोरला. माझ्या खड्ड्यांवर बसून जेवायचंय."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १९ एप्रिलला हाय, रविवारी, इथंच लिहून ठेवते.